आंबवलेली ज्वारी, कुटलेलं मटण, चवळीचा पाला: त्स्वाना जेवण घरी कसं रांधायचं

मसाल्याचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवा. त्स्वाना लोकांचं जेवण आपल्या स्वयंपाकघरात करायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. हळद नाही, तिखट नाही, आलं-लसूण नाही, फोडणी नाही. मटणाला मीठ आणि पाणी, ज्वारीला आंबवण, पालेभाजीला फार तर कांदा-टोमॅटो. मराठी हाताला हे जड जातं, कारण पातेल्यात काही घालण्यापेक्षा इथे न घालता थांबणं जास्त महत्त्वाचं आहे. पण एकदा थांबायला जमलं, की हे जेवण आपल्याला परकं वाटत नाही. ज्वारी, चवळी, मूग, दही, गावठी कोंबडी, रानभाजी, सगळं ओळखीचंच आहे. रांधायची रीत तेवढी वेगळी.

त्स्वाना लोक म्हणजे बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेचा उत्तरेकडचा भाग इथले. बोत्सवाना देश त्यांच्या नावाचा असला, तरी सेत्स्वाना बोलणारे लोक दक्षिण आफ्रिकेतच जास्त आहेत, विशेषतः माहिकेंग, रुस्टेनबर्गकडच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात. बोत्सवानाचा मोठा भाग कालाहारीच्या वाळूचा. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, ईशान्येला वर्षाला 650 मिलिमीटरच्या आसपास आणि नैर्ऋत्येला जेमतेम 250. माण-खटाव किंवा मंगळवेढ्याकडच्या माणसाला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. अशा जमिनीत ज्वारी येते, ज्वारीच्या शेतातच चवळी आणि वेलावरची फळं येतात, आणि उरलेल्या माळावर गुरं-शेळ्या जगतात. त्यांच्या ताटात जे आहे ते याच शेतातलं आणि याच माळावरचं आहे.

आता नावांबद्दल. मी इथे नावं ऐकू येतात तशी लिहिली आहेत. रोमन लिपीत ज्या ठिकाणी ‘जी’ दिसतो, तिथे ते लोक घशातून खरखरीत ‘ख’ काढतात. त्यामुळे पाककृती शोधताना ‘बोगोबे’ आणि ‘बोखोबे’ हे एकच समजा.

काय काय करायचं आणि कधी

चार-सहा माणसांचं रविवारचं दुपारचं जेवण धरू. पानात सेस्वा, म्हणजे मिठावर शिजवून कुटलेलं मटण. त्याच्यासोबत तिंगचा बोखोबे, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचा घट्ट शिजवलेला गोळा. बाजूला मोरोखो ही पालेभाजी, आणि हौस असेल तर दिक्खोबे, म्हणजे चवळी आणि धान्य एकत्र शिजवलेलं. शाकाहारी घरात सेस्वा वगळलं तरी पान भरलेलं राहतं. मग लेरोत्से या फळाचा, दही घालून केलेला बोखोबे जरूर करा, तो खाली दिला आहे.

गुरुवारी संध्याकाळी ज्वारी आंबवायला लावायची. लेरोत्सेचा बेत असेल तर शुक्रवारी सकाळी दही लावायचं. शनिवारी रात्री चवळी व ज्वारी भिजत घालायची. रविवारी सकाळी दही तासभर फडक्यात टांगायचं, आठला मटण चुलीवर, साडेअकराला बोखोबे, बाराला भाजी. साडेबारा-एकला जेवायला बसता येतं.

भांड्यांचं म्हणाल, तर तिकडे तीन पायांचा ओतीव लोखंडाचा हंडा असतो. तो थेट निखाऱ्यांवर उभा राहतो, जाड असतो, आच धरून ठेवतो. आपल्याकडे जाड बुडाचं स्टीलचं पातेलं किंवा तेल पिऊन काळी झालेली बिडाची कढई चालेल. नव्या बिडात आंबट पीठ शिजवलं तर ते काळं पडतं आणि लोखंडाची चव उतरते. कल्हई गेलेलं पितळेचं भांडं तर अजिबात नको, आंबट पदार्थ त्यात कळकतो. दुसरी गरज रवीची. त्स्वाना बायका बोखोबे घोटायला लेफेत्लो वापरतात, तोही दोन तळव्यांमध्ये धरून ताकासारखाच फिरवायचा असतो, म्हणून आपली लाकडी रवी तंतोतंत कामाला येते. याखेरीज एक लांब दांड्याचा, दणकट लाकडी डाव हवा. नाजूक कालथा मोडेल.

तिंग: ज्वारी आंबवणं

या जेवणातलं सर्वांत महत्त्वाचं काम हे, म्हणून इथे घाई करू नका.

ज्वारीला सेत्स्वानात माबेले म्हणतात. जुन्या पद्धतीत ती थोडी ओली करून लाकडी उखळात, कीकामध्ये, मुसळाने कांडायची, लेसेलो नावाच्या विणलेल्या सुपात पाखडून कोंडा उडवायचा आणि मग पुन्हा कुटून पीठ करायचं. उखळ-मुसळ-सूप हा क्रम आपल्या आज्यांनाही पाठ होता. 1970च्या दशकात बोत्सवानातल्या कन्ये गावातल्या ‘रूरल इंडस्ट्रीज इनोव्हेशन सेंटर’ या संस्थेने ज्वारीची साल काढणाऱ्या लहान यंत्रावर काम सुरू केलं. पुढे तशी यंत्रं गावोगावच्या गिरण्यांत बसली आणि बायकांचं कांडण सुटलं.

आपल्या दृष्टीने यातला मुद्दा असा की ते पीठ जाडसर असतं. भाकरीचं पीठ आपण जितकं बारीक दळतो, तितक्या बारीक पिठाचा बोखोबे चिकट होतो, टाळूला लागतो. गिरणीवाल्याला ‘लापशीसारखं जाड काढा’ म्हणून सांगा. तेही जमत नसेल तर दोन भाग ज्वारीच्या कण्या आणि एक भाग भाकरीचं पीठ मिसळा. इथे एक सोय आहे: जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापता येत नाही, चिरते. बोखोबेला मात्र विरीची गरजच नाही, त्यामुळे महिनाभर पडलेलं पीठही चालतं. फक्त ते खवट नसावं.

दोन वाट्या जाडसर पीठ काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत घ्या. अडीच वाट्या कोमट पाणी थोडं थोडं घालत लाकडी चमच्याने ढवळा. बोट बुडवून बघितल्यावर सुसह्य वाटेल इतपतच पाणी गरम हवं. इडलीच्या पिठाइतकं सैल झालं की थांबा. बरणी दोन तृतीयांशच भरा, कारण पीठ फुगून वर येतं. झाकण घट्ट लावू नका, फडकं बांधा किंवा ताटली ठेवा. मीठ आत्ता घालायचं नाही.

पहिल्यांदा करताना विरजण नसतं, त्यामुळे वेळ लागतो. मे महिन्यात दीड दिवस पुरतो, पुण्या-नाशकाच्या थंडीत तीन दिवस. पहिल्या दिवशी वास कच्च्या पिठाचाच येतो, किंचित उग्रही वाटतो. दुसऱ्या दिवशी वर पाणी सुटतं, कडेला बारीक बुडबुडे दिसतात, चमचा फिरवला की फसफस ऐकू येते. वास बदलून स्वच्छ आंबट झाला, आंबिलीच्या वासाच्या जवळ आला, की तिंग तयार. थेंबभर जिभेवर ठेवून बघा. ताकाइतका आंबटपणा जाणवला पाहिजे. पिठावर गुलाबी, काळा किंवा केसाळ थर दिसला, किंवा कुजका वास आला, तर वरचं काढून बाकीचं वापरायचा मोह धरू नका. सगळं फेकून द्या.

हे काम लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू करतात. ते पिठातल्या साखरेचं आम्ल करतात, आणि त्या आम्लामुळे बाकीच्या घातक जंतूंना तिथे वाढता येत नाही. उन्हाळ्यात, बिनफ्रीजच्या घरात पीठ टिकवायची ही जुनी युक्ती. आपल्या आंबिलीचंही तेच. फरक एवढाच, की आंबील आपण पातळ करून पितो आणि हे लोक घट्ट शिजवून जेवतात.

शिजवण्याआधी अर्धी वाटी तिंग वेगळं काढून फ्रीजमध्ये ठेवा. पुढच्या वेळी नव्या पिठात हे विरजण घातलं की एका दिवसात काम होतं, आणि चवही सुधारते. पहिल्या खेपेचं तिंग जरा उथळ आंबट लागतं, तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून त्याला खोली येते. दह्याचं विरजण घालून घाई केली तर पीठ आंबेल, पण चव दह्याची होईल. मी तो मार्ग सुचवणार नाही.

बोखोबे शिजवणं

पातेल्यात साडेतीन वाट्या पाणी खळखळून उकळा. आणखी एक वाटी गरम पाणी बाजूला ठेवा. पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. बरेच लोक मीठ घालतच नाहीत, कारण सोबतच्या मटणात मीठ असतं. आच मध्यम करून तिंग हळूहळू ओता. एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्याने ढवळत राहायचं, नाहीतर गाठी होतात. सगळं ओतून झालं की रवी घालून दोन-तीन मिनिटं घोटा. पिठात गाठ असेल तर ती आत्ताच मोडते, नंतर नाही.

मग आच अगदी बारीक करा, झाकण ठेवा, दहा मिनिटं हात लावू नका. मधूनमधून फट्‌ फट्‌ असा आवाज येईल. शिंतोडे उडतात आणि ते फार भाजतात, म्हणून झाकण उघडताना तोंड लांब ठेवा. आता रवी बाजूला ठेवून लाकडी डाव घ्या. पीठ पातेल्याच्या कडेवर दाबायचं, ओढायचं, उलटायचं, पुन्हा दाबायचं. दोन मिनिटं हे केलं की परत झाकण. असं तीन-चार वेळा, एकूण पंचवीस ते तीस मिनिटं. फार घट्ट वाटलं तर बाजूचं गरम पाणी थोडं थोडं घाला. गार पाणी घालू नका, कच्चेपणा परत येतो.

झालं कसं ओळखायचं? कच्च्या पिठाचा वास पूर्ण गेला पाहिजे, गोळा कडा सोडायला लागला पाहिजे, आणि ओल्या बोटाने दाबला तर बोटाला चिकटता कामा नये. मोठ्या वाटीला पाण्याचा हात लावून त्यात गोळा दाबा आणि पानात उपडा करा.

याच तिंगमध्ये दुप्पट पाणी घालून पातळ शिजवलं की त्याला मोतोखो म्हणतात. तो सकाळच्या न्याहारीला साखर किंवा दूध घालून खातात. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर तेवढ्यासाठीही तिंगची बरणी कायम चालू ठेवावी, असं माझं मत आहे. हल्ली शहरांतून ज्वारीच्या जागी मक्याच्या पिठाचा गोळा, फालेचे, जास्त खाल्ला जातो. तो पांढरा असतो, पटकन होतो, आणि चवीला फिका लागतो. आपल्याकडे पोळीने भाकरीला जसं मागे सारलं, तसंच तिथे झालं आहे.

सेस्वा

बोत्सवानात लग्न, दफनविधी, किंवा 30 सप्टेंबरचा स्वातंत्र्यदिन असला की सेस्वा हवंच. घरी रोजचा स्वयंपाक बायका करतात, पण समारंभाचं सेस्वा पुरुषांचं काम. दफन बहुधा शनिवारी पहाटे होतं आणि आलेल्या सगळ्यांना त्यानंतर जेवू घालायचं असतं, म्हणून हंडे रात्रीच निखाऱ्यांवर चढतात. पुरुष रात्रभर आगीभोवती बसून लाकूड सारत राहतात. पहाटे मांस हाडावरून सुटायला लागलं की दोघं-तिघं उभे राहून जाड लाकडी दांड्यांनी हंड्यातच ते कुटतात. हा दमाचा, खांद्याचा उद्योग आहे.

तिथे हे बहुतेक वेळा गाई-बैलाच्या मांसाचं होतं. महाराष्ट्रात 2015पासून गोवंश हत्याबंदी अधिक कडक झाली आहे, त्यामुळे इथे बोकडाचं मटण घ्या. यात तडजोड काही नाही, कारण शेळीचं सेस्वा तिथेही तितक्याच आवडीने होतं.

खाटकाकडून दीड किलो मटण हाडासकट, मोठे तुकडे करून आणा. मान, खांदा, छाती, नळी असं मिश्र असावं आणि थोडी चरबी राहू द्यावी. नुसतं मांडीचं लुसलुशीत मटण आणलंत तर सेस्वा कोरडं होतं. जून बोकड असेल तर उत्तम. कोवळं मटण लवकर शिजतं, पण कुटल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत, लगदा होतो.

मटण धुऊन जाड बुडाच्या पातेल्यात घाला. त्यावर चार बोटं पाणी राहील इतकं पाणी ओता. दोन सपाट चहाचे चमचे मीठ घाला, बस. तेल नाही, परतणं नाही. एक उकळी येऊ द्या, वर आलेला फेस काढून टाका, मग आच बारीक करून झाकण ठेवा. अडीच ते तीन तास. पाणी नुसतं हलत राहिलं पाहिजे, खदखदता कामा नये. मध्ये पाणी कमी झालं तर उकळतंच पाणी घाला. काही घरी एखादा अख्खा कांदा किंवा तमालपत्र टाकतात. पहिल्यांदा करताना तेही टाळा, म्हणजे मूळ चव काय आहे ते कळेल.

कुकरमध्ये करायचं तर एका शिट्टीनंतर बारीक आचेवर पंचेचाळीस मिनिटं. वेळ वाचतो, पण रस पातळ राहतो. म्हणून नंतर उघड्या पातेल्यात अर्धा तास आटवावं लागेलच.

मांस हाडावरून नुसत्या चमच्याने सुटायला लागलं की रस दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. हाडं वेचून काढा. नळ्या पातेल्याच्या काठावर आपटून आतला मगज मटणात पाडा, तो फेकू नका. बारीक हाडाची कपची राहिली नाही ना, हे बोटांनी चाचपून बघा. इथे केलेला आळस जेवताना दाताखाली येतो.

आता कुटायचं. पातेलं जमिनीवर ओल्या फडक्यावर ठेवा, पायांच्या मध्ये घट्ट धरा, आणि लहान मुसळाने किंवा जाड लाकडी डावाने सरळ वरून घाव घाला. ओट्यावर ठेवून कुटू नका, जोर लागत नाही आणि पातेलं घसरतं. मिक्सर तर नकोच. पात्याने धागे कापले जातात, आणि सेस्वा म्हणजे तर सुटलेले लांब धागेच. पाच-सात मिनिटांत मांस पिंजल्यासारखं होतं.

गाळलेला रस परत त्यात ओता आणि मध्यम आचेवर उघडं ठेवा. आता मात्र पातेल्यापासून हलू नका. रस आटत जातो, चरबी सुटते, आणि शेवटी तीच चरबी मांसाला तळायला लागते. तळाशी चुर्र आवाज आला, कडेचे धागे तपकिरी झाले, की ढवळून खरवडून घ्या आणि गॅस बंद करा. चव बघून मीठ लावा. पूर्ण कोरडं करायचं की थोडा रस ठेवायचा, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर. बोखोबेसोबत मला थोडा ओलसरपणा असलेलं बरं वाटतं, कारण गोळा बुडवायला काहीतरी लागतं.

गावठी कोंबडीही याच रीतीने करतात. कोको या सेत्स्वाना, म्हणजे अंगणात वाढलेली कोंबडी. मीठ-पाण्यात दीड-दोन तास शिजवायची आणि पाणी आटल्यावर तिच्याच चरबीत परतायची, फक्त कुटायची नाही. आतड्या-वजडीचा सेरोबे हा आणखी एक प्रकार. वजडी साफ करणं ज्यांना येतं त्यांना तो अवघड नाही: तीन तास मिठात शिजवून मग कात्रीने अगदी बारीक कातरायचा आणि आटवायचा.

मोरोखो

चवळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी. पण बाजारात जपून विचारा. मुंबई-ठाण्याकडे ‘चवळी’ म्हणून जी जुडी मिळते ती पुष्कळदा माठाच्या जातीची पालेभाजी असते, चवळीच्या शेंगेच्या वेलाचा पाला नव्हे. खरा पाला हवा असेल तर शेतातून किंवा परसातल्या वेलावरून शेंड्याकडची तीन-चार पानं खुडा. तो नाही मिळाला तरी अडत नाही, कारण त्स्वाना लोक माठही खातात, त्याला थेपे म्हणतात. आणि पावसाळ्यात आपल्याकडे रानात उगवणारी पांढरी तिळवण तिथे रोथ्वे नावाने आवडीने खाल्ली जाते. ती थोडी कडसर असते. पहिलं पाणी उकळून ओतून द्यायचं आणि दुसऱ्या पाण्यात शिजवायची.

तीन जुड्यांचा पाला निवडून धुवा, जाडसर चिरा. दीड वाटी पाणी उकळून त्यात पाला आणि मीठ घाला. चवळीचा पाला चिवट असतो, त्याला पंचवीस मिनिटं द्या. माठाला दहा पुरतात. पाणी ओतून टाकायचं नाही, आटवायचं. पाणी संपत आलं की दोन मोठे चमचे तेल, एक बारीक चिरलेला कांदा आणि एक टोमॅटो घाला, डावाने पाला घोटत दहा मिनिटं शिजवा. शेवटी मूठभर शेंगदाण्याचा जाडसर कूट घातला तर भाजीला अंग येतं, आणि हे काही आपल्याकडून घुसडलेलं नाही. भुईमूग तिथे पिकतो आणि पालेभाजीत पडतो.

तिकडे कोरड्या महिन्यांसाठी या पाल्याचं वाळवण करतात. पाला मिठाशिवाय उकळायचा, पाणी पिळून त्याचे चपटे मुटके करायचे आणि कडक उन्हात खडखडीत होईपर्यंत वाळवायचे. काळेकुट्ट दिसतात, पण भिजवून शिजवले की चव ताज्या पाल्यापेक्षा गडद लागते. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर पापड-कुरडयांच्या शेजारी एक ताट याचंही घालून बघा.

दिक्खोबे

एक वाटी बारीक लाल चवळी आणि एक वाटी अख्खी ज्वारी वेगवेगळी रात्रभर भिजवा. ज्वारी आधी कुकरमध्ये आठ-दहा शिट्ट्यांवर शिजवून घ्या, ती चवळीपेक्षा हट्टी असते. मग चवळी आणि नवं पाणी घालून उघड्या पातेल्यात चाळीस मिनिटं ठेवा. दाणा अख्खा दिसला पाहिजे पण चिमटीत दाबताच मऊ लागला पाहिजे. मीठ शेवटी. सेस्वावर आलेली एक-दोन चमचे चरबी यात ढवळली की पदार्थ उभा राहतो. शाकाहारी घरात तेल किंवा लोणी. ज्वारीऐवजी भरडलेला, साल काढलेला मका घालायची पद्धत आता जास्त आहे. मूगही तिथे होतात, लेत्लोदी म्हणतात त्यांना. नुसते मिठात घट्ट शिजवून बोखोबेसोबत खातात.

लेरोत्सेचा बोखोबे

लेरोत्से हे कलिंगडाच्याच कुळातलं फळ, आतून फिकट, कच्चं खायला बेचव. ज्वारीत इरवड म्हणून लावतात आणि सुगीच्या सुमारास येतं. आपल्याकडे सर्वांत जवळचं म्हणजे कलिंगडाच्या सालीखालचा पांढरा भाग. तो नसेल तर कोहळा.

दीड किलो फोडी अगदी थोड्या पाण्यात अर्धा तास शिजवून घोटा, पूर्ण गर झाला पाहिजे. त्यात दीड वाटी तिंग किंवा साधं जाडसर ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून घाला, रवीने मोडा, पंचवीस मिनिटं मंद शिजवा. मग दीड वाटी मादिला. मादिला म्हणजे त्यांचं आंबट घट्ट दूध. पूर्वी ते लेकुका नावाच्या चामड्याच्या पिशवीत लावत, खालून निवळी काढून टाकत आणि वरून नवं दूध घालत राहत. आपण एक लिटर दुधाचं दही दोन दिवस आंबू द्यायचं आणि तासभरच फडक्यात टांगायचं. श्रीखंडाच्या चक्क्याइतकं कोरडं करायचं नाही. ते फेटून, आच बारीक करून घाला आणि आणखी दहा मिनिटं ढवळा. दही फार आंबट असेल तर फुटू नये म्हणून चमचाभर ज्वारीचं पीठ त्यात आधीच फेटून घ्या, कढीला लावतो तसं. शेवटी चिमूटभर मीठ. साखर काहीजण घालतात, मला ती नको वाटते, कारण फळाचा मंद गोडवा आणि दह्याचा आंबटपणा एकमेकांना पुरे पडतात.

फानेबद्दल थोडं

मोपाने झाडाच्या पानांवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळीला फाने म्हणतात. बोबोनोंग, फ्रान्सिसटाउनकडच्या मोपाने रानांत ती पावसाळ्यात आणि पुन्हा एप्रिलच्या सुमारास मिळते. बायका-मुलं ती वेचतात, पोटातली घाण पिळून काढतात, मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवतात. तिच्या सुक्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात आणि अनेक घरांची वर्षाची रोकड तिच्यावर असते. तिकडे गेलात आणि कुणी पुढे केली तर नाक मुरडू नका. कोरडी कुरकुरीत खातात, किंवा भिजवून कांदा-टोमॅटोत परततात. इथे मिळत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या अळीने तिची जागा भरायचा प्रयत्न कुणी करू नये.

वाढणं आणि उरलेलं

जेवायच्या आधी घरातलं लहान माणूस तांब्या आणि घमेलं घेऊन फिरतं आणि प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतं. वडीलधाऱ्यांना आधी. हाताने बोखोबेचा लहान गोळा तोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा, त्यात सेस्वाचे धागे आणि भाजी उचलायची. भाकरी जशी कोरड्यासात बुडवतो तसा हात आपोआप वळतो. कांदा-लिंबू पानात ठेवू नका. निदान पहिले चार घास तरी त्याच्याशिवाय खा.

सेस्वा फ्रीजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी ते दिफाफातामध्ये भरून खायची पद्धत आहे. दिफाफाता म्हणजे यीस्टने फुगवलेल्या मैद्याच्या, तव्यावर मंद आचेवर झाकून भाजलेल्या जाड गोल पोळ्या. तीन वाट्या मैदा, एक चमचा यीस्ट, एक चमचा साखर, अर्धा चमचा मीठ, कोमट पाणी. तासभर फुगू द्या, बोटभर जाड लाटा, पुन्हा पंधरा मिनिटं ठेवा आणि कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटं भाजा. उरलेला बोखोबे गार झाला की वड्यांसारखा कापता येतो. त्यावर मादिला ओतून सकाळी खा. आणि फ्रीजमधल्या त्या अर्ध्या वाटी तिंगला आठवड्यातून एकदा दोन चमचे पीठ आणि थोडं पाणी द्यायला विसरू नका, म्हणजे पुढच्या रविवारसाठी पीठ शनिवारी सकाळी भिजवलं तरी चालतं.